न्यूयॉर्कच्या को-ऑप घरांचं प्रॉपर्टी टॅक्स अबेटमेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्स भागात आमचं को-ऑप आहे, म्हणजे रहिवाशांच्या मालकीची सहकारी इमारत, आणि तिच्या बोर्डावर मी काही वर्षं खजिनदार होतो. ते काम सुटलं, पण फोन सुटले नाहीत. फॉरेस्ट हिल्स, रेगो पार्क, जॅक्सन हाइट्स, फ्लशिंग अशा भागांतले मराठी लोक थंडी पडली की तेच तेच प्रश्न विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे अबेटमेंट म्हणजे नेमकं काय?

न्यूयॉर्क शहर को-ऑप आणि कॉन्डो (प्रत्येक युनिट ज्याच्या त्याच्या मालकीचं असलेल्या इमारतीतल्या) घरांच्या प्रॉपर्टी टॅक्समध्ये जी सूट देतं, ती. राज्याच्या कायद्याने १९९६ मध्ये ती सुरू झाली आणि शहराचं वित्त खातं, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ फायनान्स, ती राबवतं. कायदा मुदतीचा आहे. मुदत संपत आली की विधिमंडळ ती वाढवतं, आणि असं आजवर अनेकदा झालं आहे. सूट कराच्या रकमेतून वजा होते. तुमच्या हातात चेक कधीच येत नाही, आणि बहुतेक गोंधळ त्यातूनच होतो.

२. घर माझं, मग टॅक्सचं बिल माझ्या नावावर का येत नाही?

कारण को-ऑपमध्ये कागदोपत्री घर तुमचं नसतं. इमारत एका कॉर्पोरेशनची असते. तुमच्याकडे त्या कॉर्पोरेशनचे शेअर्स असतात आणि तुमच्या अपार्टमेंटचा प्रोप्रायटरी लीज, म्हणजे तिथे राहण्याचा हक्क देणारा करार, असतो. मुंबईच्या हाउसिंग सोसायटीत वाढलेल्यांना हे लगेच कळतं. तिथेही हातात शेअर सर्टिफिकेट असतं, आणि महापालिकेचं बिल अनेक ठिकाणी सोसायटीच्या नावावर येऊन सभासदांत वाटलं जातं. इथे संपूर्ण इमारतीचं एकच बिल कॉर्पोरेशनला येतं आणि तुमच्या शेअर्सच्या प्रमाणात ते मेंटेनन्समध्ये मिसळतं. कॉन्डोत मात्र प्रत्येक युनिटचं बिल वेगळं असतं. म्हणून कॉन्डोवाल्याला सूट बिलावर दिसते, को-ऑपवाल्याला ती शोधावी लागते.

३. मुळात ही सूट द्यायची गरज काय होती?

शहरात एक ते तीन कुटुंबांची घरं कराच्या पहिल्या वर्गात येतात, को-ऑप आणि कॉन्डो दुसऱ्या वर्गात. पहिल्या वर्गाची करपात्र किंमत बाजारमूल्याच्या ६ टक्के धरतात, दुसऱ्याची ४५ टक्के. दोन्ही वर्गांचे करदर वेगळे असल्यामुळे हे आकडे थेट तोलता येत नाहीत. शिवाय को-ऑपचं बाजारमूल्यही विक्रीच्या भावावरून ठरत नाही. राज्याच्या कायद्यानुसार ती भाड्याची इमारत आहे असं मानून, तिच्या संभाव्य उत्पन्नावरून ते काढतात. एवढं करूनही को-ऑपमध्ये राहणाऱ्यावर स्वतंत्र घरवाल्यापेक्षा जास्त बोजा पडतो, ही तक्रार जुनी होती. ती तफावत कमी करायला हे अबेटमेंट आलं. मला विचाराल तर हा तात्पुरता टेकू होता. मूळ कररचना तशीच राहिली आणि टेकूच कायमचा झाला.

४. सूट किती मिळते? आकडे देऊन सांगा.

टक्केवारी इमारतीच्या सरासरीवर ठरते. इमारतीच्या निवासी भागाची एकूण करपात्र किंमत भागिले युनिट्सची संख्या, अशी ही सरासरी. ती ५०,००० डॉलर किंवा कमी असेल तर २८.१ टक्के, ५०,००१ ते ५५,००० असेल तर २५.२ टक्के, ५५,००१ ते ६०,००० असेल तर २२.५ टक्के आणि त्यावर १७.५ टक्के.

समजा ८० घरांची इमारत आहे आणि एकूण करपात्र किंमत ४०,००,००० डॉलर आहे. सरासरी बरोबर ५०,००० येते, म्हणजे २८.१ टक्के. दुसऱ्या वर्गाचा करदर १२.५ टक्के धरला (२०२४-२५ साली तो १२.५०० टक्के होता), तर इमारतीचा कर ५,००,००० डॉलर होतो. कॉर्पोरेशनचे १०,००० शेअर्स असतील आणि तुमचे १५०, तर तुमच्या वाट्याला ७,५०० डॉलर येतात. त्याच्या २८.१ टक्के म्हणजे २,१०७.५० डॉलर. महिन्याला साधारण १७५ डॉलर. घरखर्चात ही रक्कम लहान नाही.

सरासरी एका डॉलरने वर सरकली तरी टक्केवारी २५.२ वर येते आणि त्याच घरमालकाची सूट १,८९० डॉलर होते. तुमची इमारत सीमारेषेजवळ असेल तर बोर्डाने दरवर्षी मूल्यांकनाविरुद्ध टॅक्स कमिशनकडे अर्ज केला का, हे विचाराच. जानेवारीत मूल्याची नोटीस येते आणि दुसऱ्या वर्गासाठी अर्जाची शेवटची तारीख १ मार्च असते. अपील जिंकलं तर कर उतरतोच, शिवाय अबेटमेंटची टक्केवारीही वर जाऊ शकते.

५. माझं घर छोटं स्टुडिओ आहे. मला जास्त टक्के मिळायला हवेत ना?

नाही. टक्केवारी सगळ्या इमारतीला एकच लागते. महागड्या इमारतीतल्या स्टुडिओलाही १७.५ टक्केच मिळतात, आणि साध्या इमारतीतल्या तीन बेडरूमच्या घराला २८.१ टक्के मिळू शकतात. रक्कम शेअर्सप्रमाणे बदलते, टक्केवारी बदलत नाही.

६. अर्ज कुठे करायचा?

तुम्ही करायचाच नाही. अर्ज आणि दरवर्षीचं नूतनीकरण बोर्ड किंवा मॅनेजिंग एजंट संपूर्ण इमारतीसाठी करतो. शेवटची तारीख १५ फेब्रुवारी. त्यावर १ जुलैला सुरू होणाऱ्या करवर्षाची सूट ठरते. कोणतं घर कोणाच्या नावावर, मालक स्वतः तिथे राहतो का, वर्षभरात कोणतं घर विकलं गेलं, ही सगळी माहिती एजंट कळवतो. एजंटने तुमच्या घरापुढे चुकीची नोंद केली तर खात्याला तीच खरी वाटणार.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो की जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात एजंटला दोन ओळींची ईमेल टाका: अर्ज तयार आहे का, आणि आमचं घर 'प्रायमरी रेसिडेन्स' म्हणून नोंदलं आहे का? उत्तर लेखी घ्या. आमच्याच इमारतीत एका वर्षी एजंट बदलला. जुन्याकडून नव्याकडे यादी नीट गेली नाही आणि सहा घरांची सूट गेली. त्यात निवृत्तीवेतनावर जगणाऱ्या एक आजीही होत्या. नोंद दुरुस्त करून घेताना जे पाहिलं त्यानंतर मी ही ईमेल एकदाही चुकवलेली नाही.

७. पात्र कोण?

मुख्य अट एकच: ते घर तुमचं मुख्य निवासस्थान हवं. पूर्वी ही अट नव्हती. २०१३ च्या सुरुवातीच्या दुरुस्तीने ती आली, आणि ज्यांचं घर मुख्य निवासस्थान नव्हतं त्यांची सूट टप्प्याटप्प्याने बंद झाली. शिवाय त्या एका संकुलात तुमच्या नावावर तीनपेक्षा जास्त निवासी युनिट्स नसावीत. स्पॉन्सरच्या (इमारतीचं को-ऑप किंवा कॉन्डो करणारा मूळ मालक किंवा बिल्डर) ताब्यातल्या न विकलेल्या युनिट्सना सूट नाही.

८. मी एच-१बी वर आहे, ग्रीन कार्ड अजून नाही. चालेल?

चालेल. इथे प्रश्न राहण्याचा आहे, नागरिकत्वाचा नाही. तुमचं टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, बँकेची पत्रं याच पत्त्यावर असली की मुख्य निवासस्थान दाखवणं सोपं जातं.

एक मराठी अडचण मात्र सांगतो. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. पासपोर्टवर एक, शेअर सर्टिफिकेटवर दुसरं, टॅक्स रिटर्नवर तिसरं, असं होतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचं तर विशेषच. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण होण्याच्या, वेळी नाव कसं लिहिलंय ते पाहा आणि एजंटच्या यादीतही तसंच आहे ना, याची खात्री करा.

९. घर नुकतंच घेतलं. सूट कधीपासून?

५ जानेवारीपर्यंत मालकी तुमच्याकडे आली असेल तर येत्या १ जुलैपासून. ६ जानेवारीला क्लोजिंग झालं तर पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. डिसेंबरअखेरीस क्लोजिंग ठरत असेल तर एक आठवडा पुढे ढकलण्याआधी हा हिशोब करा. आणि विकणाऱ्याला मिळालेली सूट कोणाच्या खात्यात जाणार, हे वकिलाकडून करारात लिहून घ्या.

१०. बोर्ड म्हणतं सूट मिळाली, पण माझा मेंटेनन्स तेवढाच. पैसे गेले कुठे?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

कायद्याने को-ऑपने ही सूट त्या त्या पात्र घराच्या खात्यात जमा करायलाच हवी. बोर्डाला ती गिळता येत नाही. पण अनेक इमारतींत त्याच महिन्यात बोर्ड तेवढ्याच रकमेची 'असेसमेंट' लावतं: बॉयलरसाठी, दर्शनी भिंतींच्या दुरुस्तीसाठी किंवा राखीव निधीसाठी. स्टेटमेंटवर एका ओळीत २,१०० डॉलर जमा, खालच्या ओळीत २,१०० डॉलर वजा. हिशोब शून्य. हे कायदेशीर आहे. प्रोप्रायटरी लीज बोर्डाला असेसमेंट लावायचा अधिकार देतो.

इथे शब्दाचा घोळही होतो. 'असेस्ड व्हॅल्यू' म्हणजे शहराने ठरवलेली करपात्र किंमत, आणि 'असेसमेंट' म्हणजे बोर्डाने लावलेली वर्गणी. दोन्ही वेगळ्या.

आता खरी मेख. असेसमेंट शेअर्सप्रमाणे सगळ्यांवर बसते. सूट मात्र फक्त पात्र घरांना मिळते. म्हणजे घर भाड्याने दिलेला मालक असेसमेंट भरतो आणि जमा बाजूला त्याच्याकडे काहीच नसतं. 'त्याला सूट नाही, मग त्याच्याकडून असेसमेंट कशाला?' असं सभेत विचारतात. उत्तर असं की लीजप्रमाणे शुल्क शेअर्सच्या प्रमाणातच आकारावं लागतं, निवडक लोकांवर लावता येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. इमारतीला पैसा लागतो हे मी खजिनदार म्हणून जवळून पाहिलंय, आणि छत गळत असताना प्रत्येकाला १७५ डॉलर वाटून टाकणं शहाणपणाचं नाही. पण बोर्डाने ते उघडपणे करावं. किती गोळा झाले, कशावर खर्च झाले, हे वार्षिक सभेत सांगावं. मेंटेनन्स चार वर्षं वाढवला नाही असं मिरवायचं आणि दरवर्षी अबेटमेंटएवढी असेसमेंट लावायची, हे सभासदांशी प्रामाणिक वागणं नाही. तुम्ही वार्षिक आर्थिक अहवाल मागा. तो मागणं तुमचा हक्क आहे.

११. घर आईवडिलांच्या नावावर आहे, राहतो मी. सूट मिळेल?

साधारणपणे नाही. मालकाने तिथे राहायला हवं. पुण्यात राहणाऱ्या आईवडिलांनी पैसे घालून घर त्यांच्या नावावर घेतलं आणि मुलगी तिथे राहून शिकते, असं मी बऱ्याचदा पाहिलंय. शेअर सर्टिफिकेटवर मुलीचं नाव नसेल तर ती मालक ठरत नाही. नाव लावायचं तर बोर्डाची मंजुरी लागेल, भेट-कराचा प्रश्न येईल. नुसत्या अबेटमेंटसाठी ते करू नका, वकिलाला विचारून संपूर्ण चित्र पाहा.

१२. घर ट्रस्टच्या किंवा एलएलसीच्या नावावर असेल तर?

दोन्हींची उत्तरं उलट आहेत. एलएलसी किंवा इतर व्यावसायिक संस्थेच्या नावावरच्या घराला सूट नाही, मग त्या एलएलसीचे एकमेव मालक तुम्ही असून तिथेच राहत असलात तरी. ट्रस्टच्या घराला मिळू शकते, लाभार्थी किंवा ट्रस्टी ते मुख्य निवासस्थान म्हणून वापरत असेल तर. वारसा सोपा व्हावा म्हणून वयस्कर मंडळी घर ट्रस्टमध्ये टाकतात, त्यांनी बदल झाल्याबरोबर एजंटला कळवावं. नाहीतर मालकाचं नाव बदललेलं दिसतं आणि घर यादीतून गळतं.

१३. वर्षातले चार-पाच महिने आम्ही पुण्यात असतो. तिथेही फ्लॅट आहे. अडचण येईल?

भारतात घर असणं ही अडचण नाही. न्यूयॉर्कचं घर हेच तुमचं मुख्य घर आहे का, एवढंच पाहिलं जातं. तुम्ही कर इथून भरता, मतदार असाल तर इथले, डॉक्टर इथले, आणि पुण्याहून परत इथेच येता, तर उत्तर हो.

पण एक ताळमेळ सांभाळा. पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते आणि त्यासाठी पीटी-३ अर्ज भरून घेते. तिथे 'मी स्वतः राहतो' असं लिहायचं, फ्लॅट भाड्याने द्यायचा, आणि इथे 'मी क्वीन्समध्ये राहतो' असं सांगायचं, असं करू नका. प्रत्येक ठिकाणी जे खरं आहे तेच लिहा. मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मिळालेली मालमत्ता करमाफी घराच्या आकारावर आहे, त्यामुळे तिथे हा पेच येत नाही.

१४. घर वर्षभर सबलेट केलं तर?

तुम्ही दुसरीकडे राहायला गेलात म्हणजे ते घर मुख्य निवासस्थान राहत नाही. सूट सोडावी लागेल. परत आलात की एजंटला कळवा, पुढच्या अर्जात नोंद होईल (प्रश्न ६).

१५. शेजारची दोन घरं जोडून एक केलं. ती एक धरतात की दोन?

शहराच्या आणि कॉर्पोरेशनच्या नोंदीत जोवर दोन युनिट्स आहेत, तोवर दोन. तीनची मर्यादा ओलांडत नाही आणि त्यात राहता, तोवर काळजी नको. भिंत पाडली म्हणजे नोंद आपोआप बदलत नाही.

१६. आमच्या संकुलाला अबेटमेंटच नाही असं सांगतात. हे कसं?

इमारतीला आधीच दुसरी मोठी करसवलत असेल तर ही मिळत नाही. ४२१-ए, म्हणजे नव्या इमारतींना मिळणारी करमाफी, ही सगळ्यांत जास्त भेटणारी. लाँग आयलंड सिटी आणि ब्रुकलिनच्या नव्या इमारतींत, विशेषतः कॉन्डोंत, ती असते. ४२०-सी (कमी उत्पन्नवाल्यांच्या घरांसाठीची) किंवा जे-५१ (इमारतीच्या नूतनीकरणासाठीची) करमाफी चालू असेल तरी तेच. मिचेल-लामा या मध्यम उत्पन्नवाल्यांच्या घरांसाठीच्या योजनेतल्या को-ऑपना कराची वेगळीच व्यवस्था आहे. ब्रॉन्क्समधलं १५,३७२ घरांचं को-ऑप सिटी हे त्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण. अशा ठिकाणी राहणाऱ्यांचं नुकसान होत नाही, त्यांना सवलत दुसऱ्या दाराने मिळते. ४२१-ए ची मुदत संपत आली असेल तर मात्र बोर्डाला वर्षभर आधी जागं करा. ती संपल्यावर कर झपाट्याने चढतो, आणि तेव्हा हे अबेटमेंट मागता येतं.

१७. यंदा बोर्डाने डोअरमनच्या पगाराचं प्रतिज्ञापत्र मागवलंय. त्याचा आपल्या टॅक्सशी काय संबंध?

थेट संबंध आहे. २०२२-२३ च्या करवर्षापासून महागड्या इमारतींना अट आली की डोअरमन, पोर्टर, सुपर (इमारतीची देखभाल पाहणारा) अशा कामगारांना प्रचलित वेतन, म्हणजे त्या कामाचा शहरात ठरलेला दर, दिला जातो असं शपथेवर लिहून द्यायचं. सरासरी करपात्र किंमत ६०,००० डॉलरपर्यंत असेल तर ही अट नाही. सरासरी ६०,००० ते १,००,००० मध्ये असेल आणि घरं ३० पेक्षा कमी असतील तरीही नाही. बाकीच्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं नाही तर संपूर्ण इमारतीची सूट जाते.

काही बोर्डं हिशोब मांडतात की पगार वाढवण्यापेक्षा सूट सोडलेली परवडेल. रोज सकाळी आपल्या वाणसामानाच्या पिशव्या उचलून देणाऱ्या, बर्फ उपसणाऱ्या माणसाच्या पगारात काटकसर करून हा हिशोब जुळवू नये, असं मी आमच्या सभेत बोललो होतो आणि आजही म्हणतो.

१८. स्टार आणि ज्येष्ठ नागरिकांची सवलत याबरोबर घेता येते?

येते, आणि त्या तुम्हाला स्वतः मागाव्या लागतात, बोर्ड मागत नाही. स्टार ही शाळा-कराची राज्याची सवलत. नव्या घरमालकांनी राज्याच्या कर विभागाकडे नोंदणी करायची, आणि तिचा चेक थेट तुमच्या घरी येतो. उत्पन्नाची मर्यादा ५,००,००० डॉलर. ज्येष्ठ घरमालकांची शहराची सवलत ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्यांना, उत्पन्न ५८,३९९ डॉलरपर्यंत असेल तर मिळते. करपात्र किंमत ५ ते ५० टक्के कमी होते. अर्ज १५ मार्चपर्यंत. को-ऑपमध्ये ही सवलतही कॉर्पोरेशनच्या बिलातून येते, तेव्हा ती तुमच्या खात्यात जमा झाली का, ते अबेटमेंटसारखंच तपासा. अपंगत्व असलेल्यांसाठी अशीच सवलत आहे, तिची उत्पन्नमर्यादाही तीच.

आपल्याकडचे कितीतरी आजीआजोबा केवळ 'सरकारकडे कशाला मागायचं' म्हणून अर्ज करत नाहीत. कृपा करून करा. मुलांनी बसून भरून द्यावा.

१९. फेडरल टॅक्समध्ये प्रॉपर्टी टॅक्स वजा करताना कोणता आकडा लिहायचा?

वर्षाच्या सुरुवातीला को-ऑपकडून पत्र येतं. त्यात एका शेअरमागे किती कर आणि किती व्याज, ते असतं. त्याला तुमच्या शेअर्सने गुणा आणि तुम्हाला मिळालेलं अबेटमेंट वजा करा. जो कर तुम्ही भरलाच नाही तो वजावटीत दाखवता येत नाही. राज्य आणि स्थानिक करांच्या एकूण वजावटीला २०१८ पासून १०,००० डॉलरची मर्यादा होती. २०२५ साठी ती ४०,००० झाली, आणि ५,००,००० डॉलरवरच्या उत्पन्नाला ती कमी होत जाते. त्यामुळे ज्यांनी गेली काही वर्षं हे पत्र बाजूला टाकलं होतं त्यांनी आता ते सीपीएला द्यावं.

२०. आम्ही जर्सी सिटीत राहतो. आम्हाला लागू आहे का?

नाही. हे फक्त न्यूयॉर्क शहराच्या पाच बरोंसाठी. जर्सी सिटीत 'अबेटमेंट' हा शब्द ऐकू येतो तो बिल्डरला मिळालेल्या वेगळ्या कराराबद्दल असतो.

२१. माझं नाव यादीतून सुटलं आहे. आता काय?

प्रथम एजंटकडून घरनिहाय यादी मागवा आणि चूक कुठे आहे ते पाहा: मालकाच्या नावात (प्रश्न ८ आणि १२), खरेदीच्या तारखेत (प्रश्न ९), की 'मुख्य निवासस्थान' या रकान्यात. मग त्याच चुकीचा पुरावा जोडून एजंट आणि बोर्ड दोघांना एकाच ईमेलमध्ये लिहा. दुरुस्ती शहराकडे एजंटनेच पाठवायची असते. पाठवल्याची प्रत स्वतःकडे ठेवा, आणि जुलैनंतरच्या मेंटेनन्स स्टेटमेंटवर जमा आली का, ते पाहा. नाही आली तर पुढच्या बोर्ड मीटिंगला ती प्रत घेऊन जा.